साताऱ्यात ९६.५, सांगलीत ९४.५: उकळत्या पाण्यावरून पेटलेला वाद

एका मोठ्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. निम्मी माणसं साताऱ्यात, निम्मी सांगली-मिरजेकडं, दोघं-तिघं पुण्यात नोकरीला. प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे, त्यामुळं यातली माणसं नात्यानंच ओळखायची. पण इथली प्रत्येक चूक घरोघरच्या वादांत रोज भेटते, आणि आकडे कुणालाही पडताळता येतील असे आहेत.

सुरुवात एका फोटोनं झाली. साताऱ्यातल्या बारावीच्या मुलानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात पाणी उकळलं आणि त्यात पाऱ्याचा थर्मामीटर धरला. पारा ९६.५ वर थांबला आणि पाच मिनिटं तिथंच राहिला. फोटो टाकून त्यानं खाली लिहिलं, "साताऱ्यात पाणी शंभरला उकळत नाही."

पुण्यातल्या आयटीवाल्या दादाचं लगेच उत्तर आलं, "थर्मामीटर बदल. पाणी शंभरलाच उकळतं, पाचवीतलं पोरगं पण सांगेल."

"दादा, आपण उंचावर आहोत. हवेचा दाब कमी."

यावर दादानं मोबाइलच्या हवामान ॲपचा स्क्रीनशॉट टाकला. साताऱ्याचा दाब १०११ हेक्टोपास्कल. "समुद्रावर १०१३ असतो. फरक दोनचा. कुठं गेली तुझी उंची?"

दुसऱ्या दिवशी सांगलीचा आतेभाऊ उतरला. तो इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्यानं लाल द्रवाच्या थर्मामीटरनं मोजलं, आकडा आला ९४.५. "मर्दा, सांगली तुमच्यापेक्षा खाली हाय. मग आमचं पाणी तुमच्या आधी कसं उकळलं? तुझी दाबाची थिअरी गेली कृष्णेत वाहून." सोबत पैजही लागली. हरला तर साताऱ्यानं कंदी पेढे द्यायचे, नाहीतर सांगलीनं भडंग.

मग मामा म्हणाले की बोअरचं पाणी असेल, क्षारानं फरक पडतो. काकी म्हणाल्या, गॅस बारीक असेल. मोठा केला की पाणी आणखी तापतं, डाळ बघा की कशी पटकन शिजते. मुलगा उत्तरं शोधत होता, तेवढ्यात दादाचा शेवटचा मेसेज आला: "फिजिक्स हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला आयक्यू लागतो. झेपत नसेल तर कॉमर्स वाईट नाही." त्यानंतर मुलगा दोन दिवस गप्प होता.

हा शेवटचा मेसेज कधी आला, ते बघण्यासारखं आहे. सांगलीचा आकडा आला, कुणाचंच गणित जुळेना, आणि मोजण्यासारखं बोलणं संपलं. बुद्धीचा विषय निघाला तो तेव्हा. अशा वादांत हे जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून त्याकडं शेवटी येऊ. आधी पाणी.

शंभर हा आकडा कुठला

पाणी तापतं तसा त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या आत बुडबुडे टिकू लागतात. त्यालाच आपण उकळी म्हणतो. म्हणजे उकळी कितीला फुटणार हे वरची हवा ठरवते. अँडर्स सेल्सिअसनं १७४२ साली आपली मापनपट्टी मांडली, तेव्हाच त्याला हे ठाऊक होतं. उकळीचा बिंदू हवेच्या दाबाबरोबर हलतो हे त्यानं नोंदवलं होतं. (त्याची पट्टी उलटी होती, उकळी शून्यावर आणि बर्फ शंभरावर. ती सुलटी नंतर झाली.) पाठ्यपुस्तकातलं वाक्यही अटीसकट असतं: सामान्य वातावरणीय दाबाला. पाठ करताना अट गळते आणि शंभर तेवढा उरतो.

आपल्या भागासाठी एक सोपा हिशोब पुरतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढलं की उत्कलनांक साधारण १ अंशानं उतरतो. सातारा शहर ७०० मीटरच्या आसपास आहे. तिथला दाब सुमारे ९३ किलोपास्कल (९३० हेक्टोपास्कल), म्हणजे पाणी ९७.६ च्या आगेमागे उकळणार. सांगली ५५० मीटरच्या आसपास, तिथं ९८.२. महाबळेश्वर १३५० च्या जवळ, तिथं ९५.५. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शंभर.

हा हिशोब उलटा चालवला असता तर पहिल्याच संध्याकाळी वाद मिटला असता. मुलाचा आकडा शंभराहून ३.५ नं कमी. साडेतीनला ३०० नं गुणलं की १०५० मीटर येतात. अजिंक्यताऱ्याचा माथा हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणजे या आकड्यानुसार कॉलेजची प्रयोगशाळा किल्ल्याच्याही वर! सांगलीचा आकडा तर आणखी मजेचा. साडेपाच गुणिले ३०० म्हणजे १६५० मीटर. कळसूबाई १६४६ मीटर आहे. सांगलीचं स्वयंपाकघर महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर जाऊन बसलं.

म्हणजे दोन्ही आकडे चूक होते. मुलाचं कारण बरोबर होतं, आकडा नव्हता. दादाचा "थर्मामीटर बदल" हा सल्लाही अर्धा बरोबर होता, फक्त कारण भलतंच होतं. एकाच वेळी अर्धे बरोबर असलेले दोघं भांडतात तेव्हा वाद सर्वांत लांबतो.

ॲपमधला १०११

हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब बहुतेक वेळा त्या गावचा प्रत्यक्ष दाब नसतो. तो समुद्रसपाटीला उतरवलेला असतो. साताऱ्यात मोजलेल्या दाबात ७०० मीटर हवेचं वजन हिशोबानं मिळवायचं आणि मग नकाशावर टाकायचं. असं केलं नाही तर हवामानशास्त्रज्ञांच्या नकाशावर प्रत्येक डोंगर कमी दाबाचा पट्टा दिसेल आणि खरं वादळ त्यात हरवेल. त्यांच्या कामाला ही पद्धत योग्यच आहे. पण पाणी उकळणाऱ्याला तो आकडा कामाचा नाही, कारण उंचीचा परिणाम आधीच पुसून टाकलेला असतो. उंचीमुळं फरक पडत नाही हे सिद्ध करायला दादानं असा आकडा पुढं केला, ज्यातून उंची वजा केलेली होती.

प्रत्यक्ष दाब हवा असेल तर काही मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्याचं वाचन दाखवणारं ॲप लागतं. साताऱ्यात ते ९३० च्या आसपास हेक्टोपास्कल दाखवेल. सेन्सर नसेल तर उंचीवरून काढलेला अंदाज पुरेसा आहे. १ किलोपास्कल चुकला तरी उत्कलनांकात ०.३ अंशापेक्षा कमी फरक येतो.

थर्मामीटरची दांडी

या प्रकरणाचा खरा गाभा इथं आहे, आणि नेमकं हेच शिकवायचं राहून जातं.

काचेचा थर्मामीटर फक्त खालच्या टोकाच्या फुग्याचं तापमान दाखवतो असं सगळे धरून चालतात. पण फुग्यातून वर आलेला द्रव दांडीत असतो, आणि तोही त्याच्या त्याच्या तापमानाप्रमाणं फुगतो किंवा आकसतो. थर्मामीटर दोन तऱ्हेनं आखलेले असतात. काहींच्या दांडीवर फुग्यापासून ७६ मिलीमीटरवर एक रेघ असते, तिथपर्यंत बुडवायचे. बाकीचे पूर्ण बुडवून वाचायचे, म्हणजे द्रवाचा स्तंभ जिथवर चढतो तिथवर सगळा उकळत्या पाण्यात किंवा वाफेत हवा. शाळा-कॉलेजांत येणारे साधे थर्मामीटर पुष्कळदा या दुसऱ्या जातीचे असतात. ते नुसता फुगा बुडवून वाचले की वरचा गार स्तंभ आखडलेला राहतो आणि आकडा कमी येतो.

किती कमी, त्याचं सूत्र आहे: एक गुणांक, गुणिले बाहेर राहिलेल्या अंशांची संख्या, गुणिले वाचन आणि दांडीचं सरासरी तापमान यांतला फरक. पाऱ्यासाठी गुणांक ०.०००१६.

मुलाच्या फोटोत पाणी १५ च्या खुणेपर्यंत दिसत होतं. म्हणजे सुमारे ८० अंशांचा स्तंभ बाहेर. दांडी सरासरी ४० अंशांची धरू, कारण खाली वाफ लागत होती आणि वर पंख्याची हवा. ०.०००१६ × ८० × ५६.५ = ०.७. आता ९६.५ चे ९७.२ झाले. अपेक्षा ९७.६ ची होती, ०.४ अजून हवे.

ते बर्फात सापडले. थर्मामीटर शुद्ध बर्फात धरला की शून्य दाखवायला हवा. याचा पारा शून्याच्या रेघेखाली, जवळपास अर्ध्या घरात उतरला. एका-एका अंशाच्या रेघा असलेल्या दांडीवर ०.४ हे नजरेनंच ठरवायचं असतं, त्यात पाव अंशाची चूक धरायलाच हवी. तरीही हिशोब बसला.

बर्फाची चाचणी बहुतेक जण चुकीची करतात. ग्लासभर पाण्यात चार खडे टाकून थर्मामीटर उभा केला की तळाशी दोन-तीन अंशही निघू शकतात. बर्फ फडक्यात बांधून बत्त्यानं बारीक करायचा, पेला त्यानं दाबून भरायचा, खड्यांमधल्या फटी भरतील एवढंच फिल्टरचं पाणी घालायचं, शून्याच्या खुणेपर्यंत थर्मामीटर खुपसायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. बर्फ तरंगू लागला म्हणजे पाणी जास्त झालं, ओतून टाका. मीठ नको, मिठानं तापमान शून्याच्या खाली जातं.

आता सांगली. लाल थर्मामीटरमध्ये पारा नसतो, रंग दिलेला सेंद्रिय द्रव असतो. असे द्रव पाऱ्याच्या पाच-सहा पट फुगतात, म्हणून गुणांक ०.००१ च्या घरात. इथंही ८० अंशांचा स्तंभ बाहेर, दांडी ४५ अंशांची धरली तर ०.००१ × ८० × ४९.५, म्हणजे जवळपास ४ अंश! ९४.५ चे ९८.५ होतात. अपेक्षा ९८.२. उरलेल्या ०.३ वर डोकं खपवण्यात अर्थ नाही, कारण दांडीच्या तापमानाचा अंदाज ५ अंशांनी हलला तरी उत्तर ०.४ नं हलतं.

तेव्हा सांगलीचं पाणी साताऱ्याच्या आधी उकळलंच नव्हतं. दोन गावांत दोन वेगळ्या जातीचे थर्मामीटर होते, आणि दोन्हींची दांडी गार होती. दाबाची थिअरी कृष्णेत गेली नव्हती, गुणांकात अडकली होती.

लाल थर्मामीटरचा आणखी एक रोग सांगून ठेवायला हवा. प्रवासात आडवा राहिला किंवा आपटला की द्रवाचा स्तंभ मधेच तुटतो, दांडीत बारीक मोकळी जागा दिसते. तसा असेल तर वाचन दोन-चार अंशांनी वर जातं. बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात नुसता फुगा धरून सगळा द्रव फुग्यात उतरू दिला की स्तंभ सहसा जुळतो.

क्षार आणि गॅस

मामांचं म्हणणं लवकर मिटतं. क्षारानं उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. म्हणजे दिशाच उलटी. आणि वाढतो तरी किती? १ लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातलं तर १ अंश. एवढं खारट पाणी तोंडात धरवणार नाही. चमचाभर, ६ ग्रॅम मिठानं ०.१. लिटरमागं अर्धा ग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या जड पाण्यानं ०.०१ अंशही नाही.

काकींचा मुद्दा जरा थांबून बघावा लागतो, कारण त्यात रोजचा अनुभव आहे. उकळी फुटेपर्यंत मोठा गॅस कामाचाच. पाणी लवकर तापतं. उकळी फुटल्यावर मात्र वाढवलेली आच वाफेत जाते. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला २२५७ किलोजूल लागतात. गॅस वाढवून पातेल्याला आणखी १ किलोवॉट मिळालं असं धरलं, तर दहा मिनिटांत ६०० किलोजूल, म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी उडून जाईल. तापमान तिथंच. डाळ तापमानाला शिजते, बुडबुड्यांच्या आवाजाला नाही.

कुकरची गोष्ट वेगळी. शिटीचं वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरनं, म्हणजे ९८ किलोपास्कलनं जास्त होऊ देतं. किनाऱ्यावर आतला एकूण दाब २०० किलोपास्कलच्या जवळ, तापमान १२०. साताऱ्यात १९१, सुमारे ११९. महाबळेश्वरात १८४, सुमारे ११७.५ अंश. उघड्या पातेल्यात किनारा आणि महाबळेश्वर यांच्यात साडेचार अंशांचा फरक पडतो, कुकरमध्ये अडीचचा. डोंगरावर कुकर जास्त उपयोगी पडतो तो यामुळं. पण शिटी झाल्यावरही मोठा ठेवलेला गॅस शिट्ट्याच वाढवतो. तीन शिट्ट्या मोठ्या गॅसवर चार मिनिटांत होतात, बारीकवर बारा मिनिटांत, आणि डाळ मिनिटं मोजते. काकींना "पटकन शिजते" असं वाटतं त्यातला बराच भाग उकळीपर्यंतच्या वाचलेल्या वेळाचा.

पुन्हा मोजणी, दुधाच्या किटलीत

तिसऱ्या दिवशी दोन्ही गावांत एकाच पद्धतीनं मोजायचं ठरलं. त्यासाठी दुधाची उभी किटली बरी पडते, ५ लिटरची, झाकणासकट. तत्त्व जुन्या हिप्सोमीटरचं आहे. उकळीच्या बिंदूवरून डोंगराची उंची काढायला हे उपकरण वापरत. थर्मामीटर पाण्यात न बुडवता वाफेत टांगत. पाणी स्वतः थोडंफार जादा तापू शकतं, विशेषतः स्वच्छ काचेच्या भांड्यात, जिथं बुडबुडा धरायला खरखरीत जागाच नसते. मग ते अचानक उसळतं. वर साचलेली वाफ मात्र त्या दाबाच्या उत्कलनांकावर येऊन स्थिरावते.

किटलीत तळापासून चार बोटं पाणी. झाकणाला थर्मामीटर जाईल एवढं भोक. दांडीला दोरा बांधून असा टांगायचा की फुगा पाण्याच्या वर तीन-चार सेंटीमीटर राहील आणि स्तंभाचा शेंडा भोकाबाहेर जेमतेम दोन-तीन अंश दिसेल. एवढ्या बाहेर राहिलेल्या भागानं पाऱ्यात ०.०३ ची आणि लाल द्रवात एक-दोन दशांशाची चूक येते, ती चालते. झाकण घट्ट बसवायचं नाही. वाफेला मोकळी वाट हवीच, नाहीतर किटलीचा कुकर होतो आणि आकडा वर जातो. शिवाय धोका वेगळाच. वाफ जोरात निघू लागली की तीन मिनिटं थांबायचं, मग एकेका मिनिटाच्या अंतरानं तीनदा वाचायचं. डोळा शेंड्याच्या रेषेत. वरून पाहिलं तर आकडा जास्त वाचला जातो, खालून कमी. वाफेनं हात भाजतो, तेव्हा दोरा हलवायला चिमटा.

पाऱ्याचा थर्मामीटर स्वयंपाकघरात आणायचा नाही. तो प्रयोगशाळेतच, आणि ती किटली परत दुधाला नाही. फुटलाच तर केरसुणी फिरवायची नाही, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडायच्या, जाड कागदानं थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत.

साताऱ्यात तिन्ही वाचनं ९७ आणि ९७.५ यांच्या मधली आली, ९७.२ च्या जवळ, बर्फाची ०.४ ची दुरुस्ती मिळवून ९७.६. सांगलीत लाल थर्मामीटरनं ९८ दाखवलं, बर्फात तो बरोबर शून्यावर होता. क्रम सुलटा झाला. सांगली खाली, तिथं पाणी जास्त तापमानाला उकळतं.

आणि आयक्यू

दादाच्या मेसेजमध्ये दोन वेगळी विधानं होती. एक, फिजिक्सला विशेष बुद्धी लागते. दोन, या मुलाकडं ती नाही, हे या वादावरून दिसलं.

पहिल्यावर खरं बोलण्यासारखं आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी पहिली उपयोगी बुद्धिचाचणी केली, ती शाळेत मागं पडणारी आणि जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. कुणी काय शिकू नये हे ठरवण्यासाठी नाही. आजच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ असं मुद्दाम बसवलेलं असतं, म्हणजे तो आकडा समवयस्कांच्या तुलनेतलं स्थान सांगतो. शालेय गुणांशी त्याचा मध्यम संबंध दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मध्यम संबंध हा गटाबद्दल बोलतो. एका मुलानं दांडी बुडवली नाही याचं कारण त्यातून निघत नाही. अशा वादांत हटकून येणारा "आइन्स्टाइनचा आयक्यू १६०" तर निव्वळ अंदाज आहे. त्यानं अशी चाचणी दिल्याची नोंदच नाही.

दुसरं विधान प्रकरणाला धरून तपासता येतं. दादा स्वतः जेईईचा अभ्यास केलेला. "७०० मीटर उंचीवर पाण्याचा उत्कलनांक काढा" असं गणित कागदावर आलं असतं तर दोन मिनिटांत सोडवलं असतं. मग इथं का अडला? कारण गणित त्या वेषात आलं नाही. फोटोत थर्मामीटर होता, म्हणून त्याला ते थर्मामीटरचं प्रकरण वाटलं. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवलेली गोष्ट याच जातीची आहे. फिजिक्सची गणितं गटांत लावायला सांगितली तर नवशिके वरचं रूप बघून लावतात, उतरणी एकीकडं, कप्प्या दुसरीकडं. जाणकार आतलं तत्त्व बघून लावतात. आणि सराव वाढवून हे आपोआप सुटतं असंही नाही. किम आणि पाक यांनी २००२ मध्ये कोरियातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. हजारावर गणितं सोडवूनही बलाबद्दलच्या मूलभूत चुकीच्या कल्पना त्यांच्यात टिकून होत्या. कोचिंगच्या जाड वह्या भरलेल्या कुठल्याही गावात हा निष्कर्ष भिंतीवर लावण्यासारखा आहे.

मुलाचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. "उंची" हा शब्द हाती लागल्यावर तो तिथंच थांबला. किती उंचीला किती अंश, हे त्यानं काढलं नाही, म्हणून सांगलीचा आकडा आल्यावर त्याच्याकडं बोलायला काही उरलं नाही. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं. रोजच्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला चांगलं कळतं असं माणसं सांगतात. पायरी-पायरीनं लिहायला लावलं की स्वतःलाच दिलेले गुण खाली येतात. ग्रुपवर कुणी कुणाला पायऱ्या विचारल्या नाहीत. "दाबानं नक्की काय होतं, ते चार ओळींत लिही" किंवा "तुझ्या ॲपनं हा दाब कुठं मोजला?" एवढ्या प्रश्नांनी दोघंही आपापल्या जागी अडखळले असते, आणि ते अपमानाशिवाय.

तापमान मोजलं की पुढच्या वेळी सोबत चार गोष्टी टाकायच्या असं ग्रुपवर ठरलं: थर्मामीटर पाऱ्याचा, लाल की डिजिटल, तो बर्फात किती दाखवतो, फुगा कुठं होता आणि दांडी किती बाहेर, गावाची उंची किंवा सेन्सरचा दाब. पैजेचं काय, यावर मात्र तोडगा निघाला नाही. साताऱ्याचं म्हणणं की कारण आमचं बरोबर होतं. सांगलीचं म्हणणं की तुमचा ९६.५ तरी कुठं खरा होता. पेढे आणि भडंग दोन्ही थकबाकीत.

आठवड्यानं दादानं पुण्याहून फोटो टाकला. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, उकळत्या पाण्यात, ९९.३. खाली एक शब्द नाही. असे स्वस्त डिजिटल थर्मामीटर दशांश दाखवतात, पण त्यांची खात्री साधारण एका अंशाची असते. पडद्यावरचा शेवटचा आकडा हा अचूकतेचा पुरावा नव्हे. पुणे ५६० मीटरच्या आसपास, तिथं ९८.१ यायला हवं होतं.

मुलानं एवढंच विचारलं, "दादा, बर्फात किती?"

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. "१.२."